चाकांवरचा आडोसा

त्या साली शेजारचा मका महिनाभर आधीच कापला गेला आणि मुकादमिणीच्या टोळीची पंचाईत झाली.

मका उभा होता तोवर कुणाला काही बोलावं लागत नव्हतं. टोमॅटो तोडता तोडता एखादी पोरगी कंबर सरळ करायची, दुसरीला डोळ्यांनी खुणावायची, दोघी मक्यात शिरायच्या आणि दोन मिनिटांत परत सरीला लागायच्या. आता तिथे नुसती धसकटं उरली होती. पार रस्त्यापर्यंत उघडंबोडकं रान. रस्त्याला टेम्पो उभा, टेम्पोवर क्रेट चढवणारे चार बाप्ये, आणि बांधावर खुर्ची टाकून बसलेला मळेवाला. अशात बाईमाणसाने जायचं कुठे?

मुकादमिणीने तोडगा काढला. तोडगा कसला, हुकूमच.

"घरून निघताना एक पेला पाणी प्यायचं. त्यानंतर एकदम घरी गेल्यावर. मध्ये कुणी बाटलीला तोंड लावायचं नाही. प्यायचंच नाही, तर जायचं कशाला?"

तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. उंचीला ती पाच फूटही भरत नव्हती, पण आवाज दोन एकर पुरायचा. एकवीस जणींची टोळी तिने स्वतः जमवली होती. त्यातल्या चौदा जणी पंधरा ते तेवीस वयाच्या होत्या, आणि त्या चौदांत तिची थोरलीही होती. सतरा वर्षांची, शाळेला सुट्टी म्हणून तोडणीला आलेली. मुकादमीण स्वतःच्या लेकीलाही सूट देत नसे. उलट तिच्यावरच जास्त खेकसायची, म्हणजे बाकीच्यांना आपोआप धाक बसतो.

ऊन मी म्हणत होतं. तिसरा तोडा सुरू होता. बांबूंना बांधलेली झाडं छातीपर्यंत आलेली, फळ खालपासून लाल होत चाललेलं. खालचं तोडायला वाकायचं, वरचं तोडायला हात वर धरायचे. पाल्याचा चिकट, हिरवट काळा राप बोटांवर असा बसायचा की साबण हरायचा. एक कच्चा टोमॅटो फोडून चोळला, तरच तो निघे. बापाचे जुने लांब बाह्यांचे शर्ट घातलेल्या पोरी सरीसरीने पुढे सरकत, क्रेट भरत, आणि ओठ कोरडे पडले की जिभेने ओले करत.

असं चाललेलं असताना एका दुपारी स्कूटरवरून सिस्टर आली.

ती आरोग्य केंद्रातली सिस्टर होती, पण पोरींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'फॉर्मवाली' ठेवलं. स्कूटरच्या पुढ्यात वजनकाटा, पाठीवर पिशवी, पिशवीत उंची मोजायची पट्टी, बोटाला टोचून रक्त तपासायचं यंत्र आणि जाडजूड फॉर्मांचा गठ्ठा. दहा ते चोवीस वयाच्या पोरापोरींच्या तब्येतीची पाहणी चालली होती. काय दुखतं, काय खुपतं, कुणाला सांगता, कुणाला सांगत नाही, सगळं विचारून लिहायचं होतं.

"नाव लिहिणार नाही," सिस्टर म्हणाली. "प्रत्येकीला नंबर. अठराच्या आतल्यांसाठी आईवडिलांची सही लागेल. आणि मला मदतीला तुमच्यातलीच एक हवी. माझ्याशी पोरी लाजतात, आपल्या मैत्रिणीशी बोलतात."

सगळ्या पोरींनी एकदम थोरलीकडे बघितलं.

"तिला सरी आहे," मुकादमीण म्हणाली.

"जेवणाच्या सुट्टीतच बसू, ताई. तुमचा एक क्रेटसुद्धा कमी भरणार नाही."

मुकादमिणीने सही केली, पण मनातून नाही. झाडाखाली डबा खाता खाता तिने कान तिकडेच लावले होते. तिकडून सिस्टरचा आवाज आला, "दिवसातून लघवीला किती वेळा जातेस?"

मुकादमिणीचा घास तोंडातच राहिला. "अहो बाई! सोयरीक जमवायला आलेली माणसंसुद्धा एवढ्या खोलात शिरत नाहीत!"

टोळी खो खो हसली. सिस्टरही हसली. "त्यांनी शिरायला हवं, ताई. पुढचे पुष्कळ घोटाळे टळतील."

दोन दिवसांत चौदा फॉर्म भरून झाले. शेवटचा, चौदावा, सिस्टरने थोरलीचा भरला. त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ लागला. गठ्ठा पिशवीत टाकताना सिस्टर तिला हळूच काहीतरी म्हणाली. थोरलीने मान हलवली आणि सरीकडे पळाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला थोरली सरीत खाली बसली.

"ऊठ," मुकादमिणीने लांबूनच आवाज दिला. "टेम्पो भरायचाय."

थोरली उठली नाही.

"मुकादमिणीची पोर म्हणून बसायचं काय? बाकीच्यांनी बघितलं तर उद्या सगळ्याच बसतील. नाटकं पुरेत!"

सगळा मळा ऐकत होता. टेम्पोवरचा एक जण फिदीफिदी हसलाही. थोरलीने बांबू धरून उठायचा प्रयत्न केला आणि बांबूसकट आडवी झाली. मुकादमीण तरातरा आली ती तिला दंडाला धरून उभं करायला. दंडाला हात लागला आणि चटकाच बसला. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि पोरगी थंडीने कुडकुडत होती. दातावर दात वाजत होते.

त्याच टेम्पोत क्रेटांच्या मधे जागा करून तिला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या बाजूला बोटाने हलकंसं दाबलं, तशी थोरली कळवळली.

"लघवीच्या जागेतला संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरी होईल, वेळेवर आणलीत. आणखी अंगावर काढलं असतं तर अवघड होतं. जळजळ कधीपासून आहे गं?"

"पंधरा दिवस."

"पाणी किती पितेस?"

थोरलीने आईकडे बघितलं.

सलाईन लागलं, सुया टोचल्या. संध्याकाळपर्यंत ताप थोडा उतरला. मुकादमीण खाटेच्या कडेला बसली होती. हातांचा राप तसाच होता, धुवायचं भान नव्हतं. शेवटी तिने विचारलं, "पंधरा दिवस दुखतंय आणि मला बोलली नाहीस? आई आहे ना मी?"

"मळ्यात तू मुकादमीण असतेस," थोरली म्हणाली. "काल सिस्टर म्हणाल्या, उद्या केंद्रात ये. पण उद्या तोडा होता ना."

मुकादमीण उठून बाहेर गेली आणि नळाखाली कितीतरी वेळ हात घासत राहिली.

तीन दिवसांनी थोरली घरी आली. आणखी आठ दिवसांनी सिस्टरने मळ्यातल्या पॅकिंग शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं. जिथून माहिती घेतली, तिथे येऊन ती आधी सांगायची, अशी केंद्राची रीत होती. पोरी क्रेटांवर बसल्या. मोठ्या बायका मागे उभ्या राहिल्या. मळेवाला दाराशी टेकला.

सिस्टरने कागद वाचला. चौदापैकी अकरा जणींना महिन्याभरात जळजळ झाली. दहा जणींना चक्कर येते. आठ जणींचं रक्त कमी. पाळीच्या दिवसांत सहा जणी कामावर येतच नाहीत, कारण कापड बदलायला जागा नाही.

"आणि एक प्रश्न होता, कामावर पाणी का पीत नाही? त्यावर नऊ जणींचं उत्तर एकच आहे." सिस्टर जरा अडखळली. "मुकादमीण रागावते."

शेडच्या पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची नखं तेवढी ऐकू आली. चौदा मुंड्या खाली गेल्या. मुकादमिणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्या पोरींना आपण बोटाला धरून आणलं, एकीला छेडलं तेव्हा दगड घेऊन टेम्पोवाल्याच्या मागे धावलो, त्या पोरी आपल्याला अशा लिहून मोकळ्या झाल्या! मग वाटलं, खोटं काय लिहिलंय?

मळेवाल्याला आयतंच सापडलं. "बघा मुकादमीणबाई, दोष आमचा नाही हं," तो हसत म्हणाला.

त्या हसण्याने मात्र तिची तार सटकली.

"माझा दोष माझ्या पदरात घातला त्यांनी, तो मी घेते," ती म्हणाली. "हुकूम माझा होता. आजपासून तो मागे. पोरींनो, तहान लागली की पाणी प्यायचं. आता राहिला तुमचा दोष, मालक. प्यालेलं पाणी सोडायचं कुठे?"

"म्हणजे काय? माझ्या मळ्यात संडास बांधू? उद्या व्यापारी टोमॅटो हुंगून घेईल!"

"मग पोरी टोमॅटोकडे नुसत्या बघत बसतील."

आणि खरोखरच दुसऱ्या सकाळी एकवीस जणींनी क्रेट उलटे घातले आणि त्यावर बसल्या. चौथा तोडा लाल होऊन लोंबत होता. एक दिवस चुकला की फळ मऊ, दोन दिवस चुकले की मातीत. मळेवाला बांधावरून येरझाऱ्या घालू लागला. कामगार बघायला दोन फोन केले. पण हंगाम ऐन भरात, रिकामी टोळी कुठून मिळणार?

"मुकादमीणबाई, तुमचा माझा किती वर्षांचा संबंध!"

"म्हणून तर बसून बोलतेय. नाहीतर घरीच राहिले असते."

"खड्डा खणू देणार नाही. एक फूट जमीन देणार नाही."

"मालक, तो तुमचा ट्रॅक्टर बघा. गरम होतो म्हणून दर खेपेला पाणी पाजता. माझ्या पोरी त्याच्याहून स्वस्त आहेत का?"

मळेवाल्याने ट्रॅक्टरकडे बघितलं, मग टोमॅटोकडे बघितलं.

"जमीन नको तुमची," ती म्हणाली. "चाकांवर आणू. टोळी पुढे सरकली की तोही पुढे सरकेल. फक्त बांधाची वाट मोकळी ठेवा."

"संडासाला चाकं?" मळेवाला पोट धरून हसला. "मग हॉर्नपण बसवा! आणा, आणा. तोडा तेवढा सुरू करा."

मुकादमीण बोलून तर गेली. पण चाकं आणायची कुठून? नवरा वेल्डिंगचं काम करायचा. घराच्या अंगणातच त्याचं दुकान होतं. मितभाषी माणूस. ती चाकांचं बोलली तेव्हा तो एका फाटकाचं बिजागर जोडत होता. काळी काच डोळ्यांवरून वर सरकवून त्याने विचारलं, "कोणी सांगितलं होतं शब्द द्यायला?"

"अहो, तोंडातून निघून गेला."

"फवारणीचा मोडका गाडा पडलाय मागे. सांगाडा चांगला आहे. मोटारसायकलची चाकं बसतील." तो थांबला. "माप काय?"

"माणूस मावेल एवढं. चार पत्रे ठोका, झालं!"

"असं कसं झालं?" थोरली आतून म्हणाली. अंगात अशक्तपणा होता, पण आवाज आईवर गेला होता. "ज्या वापरणार त्यांना विचारलं का?"

"त्यात काय विचारायचं? संडास तो संडास!"

"आई, न विचारता केलेल्या हुकमाचं काय झालं ते बघितलंस ना?"

नवऱ्याने पटकन काच खाली ओढली. काचेआड तो हसत होता हे मुकादमिणीला कळलंच.

मग थोरली वही घेऊन घरोघर फिरली. दोन दिवसांनी तिने यादी बापापुढे ठेवली. कडी आतून हवी, आणि ती एका हाताने लागायला हवी. डोक्याचा रुमाल आणि शर्ट टांगायला खिळा हवा. पत्रा खाली पायांपर्यंत हवा, पाय दिसता कामा नयेत. वर वाऱ्याला जाळी. पाण्याचं पिंप, त्याला तोटी. पाळीचं कापड टाकायला झाकणाचा डबा, आणि हात धुवायला साबण.

"आणि एकीला आरसा हवाय," थोरली म्हणाली.

"आरसा?" मुकादमीण ओरडली. "तिथे काय नवरी सजणार आहे?"

"पंधरा वर्षांची आहे ती. दिवसभर स्वतःचं तोंड दिसत नाही म्हणाली."

 दुकानात एका मोटारसायकलचा गोल आरसा पडून होता. बापाने तो पुसून बाजूला ठेवला.

पाच दिवस अंगणात ठिणग्या उडत होत्या. धाकटी, तेरा वर्षांची, खेळून आली की पत्रा धरून उभी राहायची. खाली बसकं भांडं, त्याखाली झाकणाची टाकी. संध्याकाळी मोटारसायकलच्या मागे जोडून घरी आणायचा आणि टाकी घरच्या संडासात रिकामी करायची, असं ठरलं. रंग निळा, कारण दुकानात निळाच उरला होता. सगळ्यात शेवटी नवऱ्याने आपणहून दाराशेजारी सायकलची घंटा बसवली.

"ही कशाला?"

"मालक हॉर्न बसवा म्हणाले ना."

सोमवारी सकाळी तो निळा गाडा मोटारसायकलच्या मागे डुलत निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक बघत होते. "कुणाची वरात?" एका म्हाताऱ्याने विचारलं. मागे बसलेली थोरली म्हणाली, "आमच्या आईची, आजोबा!"

गाडा बांधावर उभा राहिला. एकवीस जणी भोवती जमल्या. पोरींनी दार उघडून पाहिलं, कडी लावून पाहिली, घंटा वाजवून पाहिली. आरसा बघितल्यावर एकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती कोण ते सगळ्यांना तेव्हाच कळलं. पण आत जायला कुणी धजेना. टेम्पोवरचे बाप्ये तोंडं लपवून हसत होते. पहिली जाणार तिचं नाव वर्षभर निघणार, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

मुकादमिणीने सगळ्यांच्या देखत पाण्याची बाटली उचलली. अर्धी बाटली घटाघट प्याली. तोंड पुसलं, पदर खोचला, आणि टेम्पोच्या दिशेने दोन एकरांच्या आवाजात म्हणाली, "हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या रे. मी जाऊन येते. क्रेट मात्र मोजून चढवा!"

दार लागलं. कडी वाजली. थोड्या वेळाने ती बाहेर आली ती साबणाच्या हातांनी.

"बरं आहे," ती एवढंच म्हणाली. पण तिचा चेहरा असा काही उजळला होता की पोरींनी एकच गलका केला आणि दारापुढे रांग लागली.

पंधरा दिवसांत मळ्याची चालच बदलली. चक्कर येणं थांबलं. पाळीच्या दिवसांतही ज्यांना वाटलं त्या पोरी कामावर येऊ लागल्या. रक्त वाढायच्या गोळ्या सिस्टर आणून द्यायची आणि थोरली त्या प्रत्येकीला समोर उभं राहून घ्यायला लावायची.

एका दुपारी आतून कडी लागलेली होती आणि टोळी मात्र सरीत पुरती एकवीस भरत होती. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आत कोण? एका पोरीने धीर करून घंटा वाजवली. दार उघडलं आणि मळेवाला बाहेर आला.

"दार घट्ट बसतंय ना, ते बघत होतो," तो म्हणाला.

"बसतंय ना मालक?" मुकादमिणीने विचारलं.

"हो, हो. घट्ट आहे."

"साबण आतच आहे हो!" ती म्हणाली. मळेवाला निमूटपणे परत आत गेला. त्या दिवशी चार क्रेट टोमॅटो पोरींच्या हसण्यानेच खाली सांडले असतील. त्यानंतर पलीकडच्या मळ्याचा मुकादम मापं घ्यायला आला आणि नवऱ्याच्या अंगणात आणखी दोन मोडके गाडे येऊन पडले.

दीड महिन्याने, शेवटचा तोडा चालू असताना, सिस्टर पुन्हा फॉर्म घेऊन आली. तेच प्रश्न, तेच नंबर, म्हणजे फरक पडला की नाही ते कळतं. या खेपेला तेरा फॉर्म थोरलीने एकटीने भरले आणि तिचा सिस्टरने. गेल्या वेळी अकरा जणींना जळजळ होती, आता एकीला. तीही न लाजता आधीच केंद्रात जाऊन गोळ्या घेऊन आली होती.

मुकादमीण झाडाखाली बसून सगळं बघत होती. सिस्टर गठ्ठा बांधायला लागली तशी ती म्हणाली, "झालं? मला नाही विचारायचं?"

"ताई, फॉर्म दहा ते चोवीस वयाचा आहे."

"चोवीस संपलं की माणसाला लघवी लागत नाही वाटतं?"

पोरी हसल्या. पण थोरलीने आईचा चेहरा बघितला आणि ती हसली नाही. ती जवळ येऊन बसली. "काय सांगायचंय, आई?"

मुकादमिणीने मातीतलं एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी चुरत राहिली.

"मी अशीच तोडणीला जायची. वांग्यांच्या मळ्यात. आमच्या मुकादमिणीचाही हाच नियम होता. मीपण दिवसभर आवळून धरायची. एकदा घरी येताना, भर चौकात..." ती थांबली. "सगळं गाव बसलेलं. मला कळलं, आता नाही थांबत. समोर एक बाई भरला हंडा घेऊन चाललेली. मी सरळ जाऊन तिच्यावर आपटले. हंडा माझ्या अंगावर, मी नखशिखांत भिजलेली. कुणाला काही कळलं नाही. पण ती बाई मला जी शिव्या घालत सुटली! आणि गाव पुढे तीन वर्षं मला 'आंधळी' म्हणायचं."

 मग थोरलीच्या तोंडून हसू फुटलं. तिने हाताने दाबलं, तरी फुटलं. मुकादमीणही हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि चौदा पोरी तिच्या अंगावर पडून हसू लागल्या, रडू लागल्या, कोण काय करतंय ते कळेना.

"कुणाला सांगितलं नव्हतंस?" थोरलीने विचारलं.

"कुणी विचारलंच नव्हतं गं."

सिस्टरने बांधलेला गठ्ठा पुन्हा सोडला. "तेव्हा वय काय होतं, ताई?"

"सोळा."

"मग फॉर्मात बसता की तुम्ही," सिस्टर म्हणाली आणि एक कोरा फॉर्म काढून तिने थोरलीच्या हातात दिला.

थोरलीने पेनचं टोपण उघडलं. मांडी ठोकून नीट बसली. आणि बाकीच्यांना विचारलं होतं तसंच, अगदी त्याच आवाजात, तिने आईला विचारलं, "नाव लिहिणार नाही. सुरू करायचं?"